वावर आमचे, माप कंपनीचे, दंड सरकारचा



गेल्या वर्षीच्या खरिपातली गोष्ट. आठ दिवसांची झड उघडली, ऊन पडले आणि हलक्या रानात वापसा आला. कपाशी वीतभर झालेली आणि तण तिच्या बरोबरीला आलेले. आम्ही पाचजणांनी मिळून घेतलेला छोटा ट्रॅक्टर सकाळीच पिकअपवर चढवला आणि मंगरूळपीर तालुक्यातल्या एका वावरातून मानोऱ्याकडच्या दुसऱ्या वावराला निघालो. वाटेत गाडी अडवली. साहेबांनी आधी पिकअपचा मागचा फाळका पाहिला. तो फाळका नव्हताच, बिजागरीवर खाली सोडायचा लोखंडी उतार होता. मग त्यांनी ट्रॅक्टरची चाके पाहिली, आणि म्हणाले, “हे कंपनीचं नाही. हे कुणाच्या परवानगीनं केलं?”

आम्ही म्हणालो, “साहेब, कपाशीच्या परवानगीनं.”

हसले नाहीत. कागद झाले, पावती झाली, फोन झाले, आणि गाडी सुटली तेव्हा उन्हे कलली होती. रात्री पुन्हा पाऊस आला आणि पुढचे सहा दिवस वावरात पाय घालता आला नाही. ज्याच्या वावरात जायचे होते तो भाऊ मक्त्याने जमीन करतो. त्या चार एकरांचे तण शेवटी बाया लावून काढावे लागले, आणि निंदणाचा खर्च मक्त्याच्या रकमेच्या जवळ गेला. साहेबांचे नाव आम्ही लिहीत नाही. त्यांच्याशी आमचे भांडण नाही, त्यांनी पुस्तकात होते ते वाचून दाखवले. आमचे भांडण त्या पुस्तकाशी आहे.

आधी हे विचारू, की शेतकऱ्याला ट्रॅक्टरची चाके बदलण्याची वेळ आलीच का? बैल होता तोवर हा प्रश्न नव्हता. बैल आपल्या तासातून चालतो, झाडावर पाय देत नाही, वळणावर धुरा तोडत नाही. पण बैलशेतीचेही एक भांडवल असते आणि ते फिरत राहावे लागते. थकलेला बैल बाजारात न्यायचा, आलेल्या पैशात थोडी भर घालायची आणि नवा गोऱ्हा आणायचा, या चक्रावर वऱ्हाडातला कोरडवाहू शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या उभा होता. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाला, बैलही त्यात आला, आणि मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी कायम ठेवली. थकल्या बैलाचे गिऱ्हाईक गेले. तो विकावा तर कुणी घेत नाही, पोसावा तर कडबा नाही. ज्यांनी हा कायदा केला त्यांच्या दाराशी एकही म्हातारा बैल बांधलेला आम्ही पाहिला नाही. त्यात बैलामागे सालगडी मिळेना. मग शेतकऱ्याने काय करायचे? त्याने छोटा ट्रॅक्टर पाहिला.

आणि इथे खरी गंमत सुरू झाली. मोठा ट्रॅक्टर नांगरतो, वखरतो, माल ओढतो, पण उभ्या पिकात त्याचा उपयोग नाही. डवरणीला लागतो छोटा. आता बाजारातला छोटा ट्रॅक्टर आपल्या महाराष्ट्रात कुणाकडे बघून विकला गेला? द्राक्षवाल्याकडे आणि डाळिंबवाल्याकडे. त्याला मांडवाखालून जायचे असते, म्हणून ट्रॅक्टर बुटका. आपल्याला हवा उंच. बागेत दोन ओळींत आठ-दहा फूट मोकळी जागा, तिथे चाकांचे माप थोडे इकडे-तिकडे झाले तरी चालते. आपल्याकडे चार बोटांची चूक झाली की झाड मोडते.

हे माप नीट समजून घ्या, कारण सगळा वाद याच मापाचा आहे. आपली जुनी कपाशी तीन बाय तीन फुटांच्या चौफुलीवर. एका एकरात ४,८४० ठिकाणे. डवरा उभा चालतो आणि आडवाही चालतो, म्हणून निंदणाला फक्त झाडाच्या बुडाजवळचे तण उरते. ट्रॅक्टर आला आणि लोकांनी त्याच्यासाठी तासे चार-चार, पाच-पाच फुटांवर नेली. झाडांची संख्या भरून काढायला तासात फूट-दीड फुटावर झाडे दाटली. परिणाम काय झाला? आडवी डवरणी बंद पडली. तासातले तण हाताने काढा, नाहीतर तणनाशक फवारा. म्हणजे यंत्र आले मजुरी वाचवायला आणि निंदणाची मजुरी वाढवून बसले. पिकासाठी यंत्र बदलायचे, की यंत्रासाठी पीक बदलायचे? कंपनीचे उत्तर ठरलेले आहे. आपले उत्तर गावच्या वेल्डिंगच्या दुकानात तयार झाले.

आमच्या भागातला एक वेल्डर म्हणतो, “भाऊ, तुमचं तास सांगा, चाक म्या पाहतो.” त्याने काढलेला हिशेब आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचला नव्हता. कपाशी ३६ इंचावर, ज्वारी १८ इंचावर. दोन चाकांचे अंतर मध्यापासून मध्यापर्यंत ३६ इंच ठेवले, की कपाशीत एक तास पोटाखाली राहते आणि दोन्ही चाके दोन्हीकडच्या मोकळ्या पट्ट्यांच्या मधोमध चालतात. तोच ट्रॅक्टर चाकाला हात न लावता ज्वारीत घाला. आता दोन तासे पोटाखाली, आणि चाके पुन्हा पट्ट्यांच्या मधोमध. एका मापात दोन पिके! आमच्या ट्रॅक्टरला कंपनीने जी मापे दिली होती त्यांत नेमके हे माप बसत नव्हते. मागच्या चाकाची रिम एका बाजूला खोलगट असते. ती उलटी करून बसवली की चाक आत किंवा बाहेर सरकते. उरलेले अंतर त्याने जाड लोखंडी चकती घालून भरले, टायर अरुंद लावले, पुढची चाके मागच्यांच्या रेषेत आणली. मग आपला जुना डवराच, पण लिफ्टला जोडता येईल अशा चौकटीवर बसवला, पास सरकवता येतील असे. ज्वारीला पास लहान, कपाशीला मोठी. दोन दिवसांचे काम.

मागच्या शतकातली अमेरिका आठवा. तिथेही ट्रॅक्टर आधी फक्त नांगरत होता, आणि कपाशी-मक्याच्या डवरणीला घोडे, खेचरेच लागत. १९२४ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने बर्ट बेंजामिन या अभियंत्याच्या कल्पनेवरून फार्मॉल नावाचा ट्रॅक्टर बाजारात आणला: पुढची चाके जवळजवळ, पोट उंच, तासांच्या हिशेबाने बांधलेला. त्यानंतर तिथले घोडे शेतातून जाऊ लागले. म्हणजे तासाच्या मापाचा ट्रॅक्टर ही काही खेड्यातल्या जुगाडाची कल्पना नाही, शंभर वर्षांपूर्वी मोठ्या कारखान्याने मान्य केलेली गोष्ट आहे. फरक एवढाच की तिकडे कारखाना शेताकडे बघून चालला, इकडे शेताने कारखान्याकडे बघून चालावे अशी अपेक्षा आहे. आजही तिकडे घरामागच्या हिरवळीसाठी लोक छोटे ट्रॅक्टर घेतात, त्यांना हौसेने हवी ती अवजारे लावतात आणि वाहून न्यायला वेगळा ट्रेलर ठेवतात. त्यांची हौस, आणि आमची गरज मात्र गुन्हा.

आपल्याकडेही हे काम कुणी केले नाही असे नाही. गुजरातमधल्या अमरेली जिल्ह्यात मनसुखभाई जगाणी यांनी १९९४ साली बुलेट मोटारसायकलच्या मागे दोन चाके आणि अवजाराची दांडी बसवून ‘बुलेट सांती’ केली. बैल परवडत नव्हता, ट्रॅक्टर आवाक्यात नव्हता, त्यातून ती निघाली. तिला पुढे पेटंटही मिळाले. आणि आणखी मागे जा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडवला तो १९०३ साली. सायकलींचे दुकान चालवलेला हा माणूस. त्या वेळी त्यांच्याकडे कुणी ‘आधी चाचणी केंद्राचा दाखला आणा’ म्हणून गेले असते, तर महाराष्ट्र अजून लाकडी नांगरच ओढत बसला असता.

आता उंचीकडे येऊ. इथे प्रश्न पैशाचा नाही, जिवाचा आहे. डवरणी दीड-दोन महिन्यांत संपते. कपाशी वाढते आणि ट्रॅक्टरच्या पोटाला लागते. त्यापुढे फवारणी, आणि फवारणी माणसाच्या पाठीवर. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात छातीएवढ्या वाढलेल्या कपाशीत फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. मानोरा तालुका त्या जिल्ह्याला लागून आहे, ती पऱ्हाटी आणि आपली पऱ्हाटी वेगळी नाही. तेव्हा सरकारने काय केले? चौकशी नेमली, हातमोजे आणि तोंडावरच्या पट्ट्या वाटल्या. ऑक्टोबरच्या उन्हात ते घालून अर्धा दिवस तरी कोण फवारू शकतो, हे वाटणाऱ्याने स्वतः करून पाहावे. खरा उपाय असा, की माणूस फवाऱ्याच्या तुषारात नको, त्याच्या पुढे आणि वर बसलेला हवा. त्यासाठी ट्रॅक्टर कमरेच्या वर उचलायला हवा. आमचा वेल्डर म्हणतो, आसाच्या दोन्ही टोकांना साखळीची पेटी बसवून चाके खाली सोडतो, करून देतो. आम्ही त्याला थांबवले आहे. का? चाकाच्या अंतरासाठी दिवसभर रस्त्यावर उभे राहिलो, आसाला हात लावला तर काय होईल, या भीतीने. याही हंगामात आमच्यातले पाचजण पाठीवर पंप घेऊनच कपाशीत शिरले.

आता ते पुस्तक उघडू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीच्या दाखल्यावरचा तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने वाहनात करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम आणखी घट्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या रूपात आले: परवानगीबाहेरच्या प्रत्येक फेरफाराला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शहरात कर्णकर्कश नळकांडी लावून फिरणाऱ्या गाड्यांसाठी हा नियम असेल तर आमची ना नाही. पण कपाशीच्या तासातून ताशी तीन-चार किलोमीटरने चालणारा ट्रॅक्टर आणि ती गाडी एकाच तराजूत? डवरा जोडला म्हणून कुणी पकडत नाही, हे खरे. बोट लागते ते टायरला, आसाला, पिकअपच्या बॉडीला. आणि यातले कोणते चालते, कोणते चालत नाही, कोणासाठी अर्ज कुठे करायचा, हे मराठीत लिहिलेला एक कागद आम्हाला आजवर कोणत्याही टेबलावर मिळाला नाही. ज्या कायद्याची मर्यादा शेतकऱ्याला कळत नाही, त्या कायद्याचा उपयोग रस्त्यावर उभ्या असलेल्यालाच होतो. तो कसा, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

पिकअप तरी कशाला, ट्रॅक्टर रस्त्याने का नेत नाही, असे शहाणे विचारतात. पाचजणांची वावरे तीन गावांत. ट्रॅक्टर डांबरावरून पंधरा किलोमीटर नेला तर तास जातो, शेतीचे टायर झिजते, आणि अरुंद चाकांवर तो रस्त्यात डुलतो. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला, डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी खुला झाला, पण त्यावर ट्रॅक्टरला बंदी. ज्यांच्या जमिनीतून तो गेला त्यांनी पलीकडच्या वावरात जायला बोगद्यापर्यंत वळसा घ्यायचा. वापसा दोन दिवसांचा असतो, त्यातला अर्धा वळशात घालवायचा का? म्हणून जुना पिकअप. ‘छोटा हत्ती’ नाही, कारण बहुतेक मिनी ट्रॅक्टर ८०० किलोच्या आसपास आणि त्या गाडीची क्षमता साडेसातशेच्या घरात. वर डवरा ठेवला की जादा भाराचा गुन्हा, त्याचा दंड केंद्राच्या कायद्यात २०,००० रुपयांपासून सुरू होतो. पिकअप वजन पेलतो. फक्त त्याला उतार हवा, तळाला दोन लोखंडी चॅनल हवेत, चार कोपऱ्यांना साखळीचे कडे हवेत. पांदणीत तो जात नाहीच. डांबराच्या कडेला ट्रॅक्टर उतरवायचा आणि पुढे चिखलातून चालवत न्यायचा.

आमचे सगळे बरोबरच असते असा दावा नाही. पहिल्या वर्षी आम्ही केलेला उतार आखूड होता, म्हणून चढ उभा झाला. पावसात लोखंड ओले, ट्रॅक्टर तिरका घसरला आणि खाली उभ्या असलेल्या आमच्यातल्या एकाचा पाय मोडला. विम्याचा दावा केला नाही, कारण मग उताराची कथा सांगावी लागली असती. त्यानंतर शिकलो: उतार त्याच्या उंचीच्या निदान तिप्पट लांब ठेवायचा, त्यावर आडव्या पट्ट्या जोडायच्या, ट्रॅक्टर मागे घेत चढवायचा म्हणजे पुढचा भाग उचलला जात नाही, बाजूला आणि खाली माणूस उभा करायचा नाही, आणि चारही साखळ्या ताणल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आस उचलला तर ट्रॅक्टर उताराच्या रानात कलंडू शकतो, हेही आम्हाला कळते; म्हणूनच जाणत्याने तपासून द्यावे असे आम्ही म्हणतो. पण बंदी घातली की फेरफार थांबत नाही. तो रात्री होतो, लपून होतो, आणि लपून केलेल्या कामाची तपासणी कोण करणार? आमच्या भावाचा पाय त्या लपवाछपवीत मोडला.

दुसरी बाजू अनुदानाची. अनुसूचित जाती व नवबौद्ध बचत गटांना ९ ते १८ अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर ९० टक्के अनुदानावर देण्याची राज्याची योजना आहे, साडेतीन लाखांच्या मर्यादेत. ज्यांच्या हाती कधी यंत्र आले नाही त्यांच्या हाती ते आले, हे चांगलेच झाले. पण सोबतची उपसाधने पाहा: कल्टिव्हेटर, रोटाव्हेटर, ट्रेलर. डवरा नाही, तिफण नाही. कोरडवाहू रानात रोटाव्हेटरने माती पीठ करून पहिल्या पावसात तिची पपडी करायची, हा सल्ला कुणाचा? यादी करणाऱ्याने ओलिताची शेती पाहिली होती, आपली नाही. केंद्राच्या यांत्रिकीकरण उपअभियानातही (२०१४-१५ पासून) मान्य केंद्राचा चाचणी दाखला असलेल्या यंत्रालाच पैसे. बुधनीसारख्या केंद्रावर कारखानदार जातो, गावचा वेल्डर जात नाही. त्यामुळे जो डवरा आपल्या तासात चालतो तो अपात्र आणि जो चालत नाही तो पात्र! २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्याच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. आमचा वेल्डर लोखंड आणतो त्यावर १८ टक्के आहेच. केंद्राने २०१८ साली वाशीमला ‘आकांक्षित जिल्हा’ म्हटले. आमची आकांक्षा छत्तीस इंचांची आहे.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा करून शेतकऱ्याला आपले यंत्र आपण किंवा आपल्या मिस्त्रीकडून दुरुस्त करण्याचा हक्क दिला, आणि सुटे भाग व माहिती देण्याचे बंधन कंपनीवर घातले. आम्ही त्याहून फार जास्त मागत नाही. शेती ट्रॅक्टर आणि तो वाहून नेणारी गाडी यांत कोणते फेरफार चालतील याची मराठीत यादी काढा. महिन्यातून एक दिवस वाशीमच्या परिवहन कार्यालयात ठेवा, हवे तर तालुक्याच्या गावी या. ब्रेक, दिवे, रुंदी, वजन, कलंडण्याचा धोका तपासा, त्यात बसेल त्याची नोंद दाखल्यावर करा, न बसेल ते काढायला लावा. फी आम्ही भरू. गावच्या अवजाराची चाचणी अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा करड्याच्या कृषी विज्ञान केंद्रात, याच मातीत आणि वेल्डरला परवडेल अशा खर्चात होऊ द्या. अनुदान द्यायचे नसेल तर नका देऊ, पण हातातली पकड काढून घेऊ नका.

हा विषय जिल्हा बैठकीत ठरावासाठी ठेवला आहे. येताना रिकाम्या हाताने येऊ नका. टेप घेऊन आपापल्या ट्रॅक्टरच्या चाकांचे मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर, टायरची रुंदी, पोटाची जमिनीपासून उंची, आपली कपाशी आणि ज्वारी किती इंचावर आहे ते, आणि ज्यांनी गाडीला उतार केला असेल त्यांनी त्याची लांबी व उंची, असे सगळे एका कागदावर लिहून आणा. नाव लिहिण्याची गरज नाही, गाव आणि तालुका पुरे. दंडाच्या पावत्या असतील तर त्यांच्या नकला वेगळ्या आणा. वेल्डर आणि मिस्त्री भावांनाही सोबत घेऊन या. त्यांच्यासाठी पुढची बाके राखून ठेवली आहेत.